बॅगेत तिखट बसतं, सातबारा बसत नाही

धर्माबादहून परदेशी शिकायला निघालेल्या पोराच्या बॅगेत लाल तिखट नसेल, तर त्या घरात काहीतरी बिनसलंय असं समजावं. मिरचीच्या बाजारपेठेसाठी नावाजलेलं हे गाव. हंगामात दोन-चार ठसके दिल्याशिवाय मोंढ्यातून पलीकडं जाता येत नाही. त्यामुळे लंडन असो की डॅलस, तिखटाची पुडी जातेच. तिच्या जोडीला येसर, कारळाची चटणी, जवसाची चटणी, धपाट्याचं पीठ, शेंगदाण्याचा कूट आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले उडदाचे पापड. विमान कंपनी बहुधा एका बॅगेला २३ किलोच्या वर जाऊ देत नाही, म्हणून बॅग आधी ओळखीच्या अडतीवरच्या काट्यावर चढते. काट्यानं चोवीस दाखवले की आई पीठ धरून बसते, वडील पुस्तकांकडं बोट दाखवतात, आणि शेवटी बाहेर निघते ती पोरानं हौसेनं घेतलेली बुटांची जोडी.

या खात्यात मराठवाड्यातल्या घरांना कुणी शिकवायला नको. तरी दोन-तीन गोष्टींवर हमखास अडतं. सुकं खोबरं विमानाला चालत नाही; तेलकट खोबरं आपसूक तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. घरचं तूप युरोपात किंवा ब्रिटनमध्ये उतरवून घेत नाहीत, कारण दुधाच्या पदार्थांना तिथं मनाई आहे. अमेरिकेला जाताना साडेतीनशे मिलिलिटरहून जास्त पूड हातातल्या पिशवीत असली की वेगळी तपासणी होते, तेव्हा तिखट मोठ्या बॅगेत टाकलेलं बरं. कुकर नेता येतो. पण २०१३ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कुकरच्या बाँबचे स्फोट झाले आणि पुढच्याच महिन्यात डेट्रॉईटच्या विमानतळावर बॅगेत कुकर सापडलेला एक सौदी प्रवासी चौकशीत अडकला. तेव्हापासून कुकर कशासाठी, याचं उत्तर तयार ठेवलेलं बरं. वरण-भातासाठी, एवढं इंग्रजीत सांगता आलं की झालं.

ही सगळी तयारी घर करतं आणि नीट करतं. ज्याची तयारी घराला एकट्यानं जमत नाही ती वेगळीच चीज आहे: फाईल.

परदेशी शिक्षणाच्या फाईलमध्ये पैसा कुठून येणार, हे कागदावर दाखवावं लागतं. धर्माबाद, बिलोली, उमरी, देगलूर या पट्ट्यातल्या घरांकडं दाखवायला असते ती जमीन. गोदावरीकाठची काळी, कसदार, पिढ्यान्‌पिढ्यांची. गावात तिच्यावर पत असते, सोयरीक जमते. बँकेत शैक्षणिक कर्जाला मात्र तोच सातबारा पुढं केला की साहेब तो हातात न घेताच मान हलवतात. यात साहेबांचा दोष नाही. २००२ च्या ज्या सरफेसी कायद्यानं बँकांना कोर्टात न जाता तारण विकून वसुली करता येते, त्याच कायद्याच्या कलम ३१ नं शेतजमीन त्यातून वगळली आहे. शेतकऱ्याची जमीन झटक्यात लिलावात जाऊ नये म्हणून केलेली ही तरतूद योग्यच आहे. पण तिचा दुसरा परिणाम असा की शिक्षणाच्या कर्जाला बहुतेक बँका शेती तारण घेत नाहीत. त्यांना लागतो शहरातला फ्लॅट, बिगरशेती प्लॉट किंवा मुदत ठेव. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण साडेसात लाखांत परदेशातलं पहिलं वर्षही निभत नाही. काही निवडक, नामांकित विद्यापीठांसाठी सरकारी बँका विनातारण मोठं कर्ज देतात. ज्या पोराला त्याच्याखालच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, तो खासगी वित्त कंपन्यांच्या दारात जातो आणि जास्तीचं व्याज कबूल करून सही करतो. ‘पीएम विद्यालक्ष्मी’ची जाहिरात पाहून आशेनं चौकशी करणाऱ्यांनाही हे सांगायला हवं की ती योजना देशातल्या संस्थांपुरती आहे.

म्हणजे दहा एकरांचा मालक आणि पुण्यात दोन खोल्यांचा मालक यांच्यात बँकेला दुसरा श्रीमंत वाटतो. मराठवाड्यातून परदेशी जाणाऱ्यांची संख्या पुण्या-मुंबईच्या मानानं कमी का, याचं उत्तर ‘आपली पोरं इंग्रजीत कच्ची’ असं पटकन देणाऱ्यांनी एकदा हा हिशेब मांडून पाहावा.

ज्याच्याकडं तारण नाही त्यानं शिकायचं कसं, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परतल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी, असा करार होता. त्या पैशातून घरी पाठवून, पोट मारून त्यांनी न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली. आजच्या विद्यार्थ्याची बॅग जाताना भरलेली असते. आंबेडकरांचं खरं सामान परतीचं होतं. १९१७ साली ते एका बोटीनं निघाले, सामान दुसऱ्या बोटीनं. महायुद्ध चालू होतं, जर्मन पाणबुडीनं सामानाची बोट बुडवली. त्या नुकसानीपोटी जी भरपाई हाती आली, तिच्यातूनच करार पाळायला बडोद्याला जाण्याची सोय झाली. पुढं १९२० साली ते शिल्लक टाकलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडचं कर्ज जमवून पुन्हा लंडनला गेले. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात त्या दिवसांतला एक तपशील आहे. रात्री अभ्यास करताना भूक लागली की एका ओळखीच्या माणसानं दिलेल्या पापडांतले चार पापड भाजून कपभर दुधाबरोबर खायचे, तेच जेवण. पापड गुंडाळून देणाऱ्या आयांना हे माहीत नसतं, पण त्यांचा अंदाज चुकत नाही.

शंभर वर्षांनी त्या दोन राजांची नावं सरकारी योजनांवर आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. ‘सारथी’ संस्थेनं मराठा-कुणबी समाजातल्या मुलांसाठी सुरू केलेल्या शिष्यवृत्तीला महाराजा सयाजीराव गायकवाडांचं नाव आहे. पहिल्या योजनेत जागा ७५. पूर्ण शुल्क, विमानभाडं, विमा आणि निर्वाह भत्ता सगळं मिळतं, म्हणून ती देशातल्या चांगल्या योजनांपैकी एक आहे, हे मान्य करून पुढं बोलायला हवं. ब्रिटनसाठीचा निर्वाह भत्ता बरीच वर्षं वर्षाला ९,९०० पौंडांवरच राहिला. महिन्याला ८२५ पौंड झाले. आणि लंडनमध्ये शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याकडं राहण्या-खाण्यापुरते दरमहा १,४८३ पौंड असलेच पाहिजेत, असं ब्रिटिश सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये व्हिसाच्या नियमात लिहून ठेवलं होतं. एक सरकार म्हणतं एवढ्यात भागेल, दुसरं म्हणतं एवढ्यात भागणारच नाही. मधली तफावत पोरगं आठवड्याला वीस तास दुकानात उभं राहून भरून काढतं. सयाजीरावांचे साडेअकरा पौंडही कमीच पडत होते, पण ते निदान एका माणसानं खिशातून दिलेले होते.

धर्माबादकरांना हे जास्त टोचतं, कारण पलीकडचं अंगण दिसतं. रुळावरून थोडं पुढं गेलं की बासर, सरस्वतीचं देऊळ. नांदेड जिल्ह्यातली कितीतरी मुलं पहिलं अक्षर तिथं गिरवतात. देवी त्यांची, पण राज्य दुसरं. तेलंगणात मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाला वीस लाखांपर्यंत मदत मिळते. अनुसूचित जातींसाठीच्या योजनेचं नाव आंबेडकर ओव्हरसीज विद्यानिधी, आणि इतर मागासवर्गीयांसाठीच्या योजनेचं नाव महात्मा ज्योतिबा फुले. फुले-आंबेडकरांची नावं हद्द ओलांडून गेली, आणि धर्माबादचा पोरगा अलीकडं राहिला. याच तालुक्यातल्या काही गावांनी मध्यंतरी ‘आम्हाला तेलंगणात घाला’ अशी मागणी केली, तेव्हा मुंबईत ती चेष्टेवारी नेली गेली. चेष्टा करणाऱ्यांनी दोन्हीकडच्या योजनांचे कागद शेजारी ठेवून वाचले असते तर बरं झालं असतं. महाराष्ट्र थोड्यांना भरपूर देतो, तेलंगण ठरावीक रक्कम देऊन बाकीचं घरावर सोपवतं. दोन्ही पद्धतींत खोट आहे. पण शेतकरी घराला ज्या पहिल्या ढकलीची गरज असते, ती वीस लाखांच्या धनादेशात जास्त आहे.

तसंही या गावाचं तोंड हैदराबादकडंच आहे. १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होतं, आणि आजही रेल्वेचा नांदेड विभाग सिकंदराबादहून चालतो. अमेरिकेचा व्हिसा काढायला इथल्या मुलाला हैदराबादची वकिलात जवळ, विमानाला शमशाबाद जवळ. मुंबई त्याच्या दुपटीहून लांब. उतरल्यावर तर हे नातं आणखी घट्ट होतं. २०२४-२५ मध्ये अमेरिकेत ३ लाख ६३ हजार भारतीय विद्यार्थी होते, सगळ्या देशांत जास्त, आणि त्यांत तेलुगू मुलांचा भरणा मोठा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे. गणपती आणि दिवाळी तिथं थाटात होते. पण पहिल्या आठवड्यात चौघांत मिळून खोली, जुनी गादी आणि सिमकार्ड मिळवून देणारा बहुधा करीमनगरचा किंवा वारंगळचा निघतो. धर्माबादच्या पोराला तेलुगू येतं, दख्खनी हिंदी येते, मराठी तर घरचीच. पुण्याच्या मुलापेक्षा हा त्या खोलीत लवकर रुळतो. मराठवाड्यात ज्या सीमाभागाकडं नेहमी मागास म्हणून पाहिलं जातं, त्याची ही कमाई कुठल्याच अर्जाच्या रकान्यात भरता येत नाही.

कपड्यांचं काय, असा प्रश्न घरोघरी असतो. नांदेडला मेमध्ये पारा बेचाळीस ओलांडतो, त्या हवेतल्या दुकानातून घेतलेलं जाकीट शिकागोच्या जानेवारीत पहिल्याच दिवशी हार मानतं. तिथं गेल्यावर घ्यावं, जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळतं. थंडीपुढं वेश बदलावा लागतो, हे आनंदीबाई जोशींनाही चुकलं नाही. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीनं निघून फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेलेल्या या अठरा वर्षांच्या मुलीनं लुगडं सोडलं नाही. पण पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून नऊवारी बाजूला ठेवून गुजराती वळणानं नेसायला सुरुवात केली. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयानं गेल्या. परदेशी शिक्षणाचं कौतुक करताना ही तारीखही लक्षात ठेवावी. पोरगं एकटं आजारी पडतं तेव्हा काय करायचं, विम्यात नेमकं काय येतं, हे निघण्याआधी विचारलं जात नाही. तिखट किती हे मात्र तीनदा विचारलं जातं.

सगळ्यांनी परदेशी जावं असं मुळीच नाही. अलीकडं दारं आवळली जात आहेत. ब्रिटननं जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब नेण्याची परवानगी काढली. अमेरिकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी व्हिसा अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. नोकरी मिळेलच असं धरून काढलेलं चाळीस लाखांचं कर्ज आज जुगार आहे, आणि नांदेड-लातूरच्या शिकवणी गल्ल्यांतून फिरणारे एजंट हे सांगत नाहीत, कारण त्यांचं कमिशन प्रवेशावर मिळतं, नोकरीवर नव्हे. त्यापेक्षा जर्मनीचा विचार करावा. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. गुणपत्रकं पडताळणारा एपीएसचा दाखला लागतो आणि राहण्याच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी बंद खात्यात ठेवावे लागतात; बारा लाखांच्या आसपास. पैसे आपलेच असतात, महिन्याला थोडे थोडे परत मिळतात. भाषा शिकावी लागते, पण बासरला एक आणि धर्माबादला दुसरी भाषा बोलणाऱ्याला तिसरीची भीती कसली?

राज्य सरकारनं या वर्षी दोन कामं करावीत. निर्वाह भत्ता त्या-त्या देशाच्या व्हिसाच्या आकड्याशी जोडावा, म्हणजे दर वेळी शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. आणि शेतकरी घरातल्या मुलांच्या परदेशी कर्जाला सरकारनं स्वतः हमी द्यावी. शेतजमीन लिलावात काढू नका, पण तिच्या मालकाला पतहीनही ठरवू नका. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठानं गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती आणि शिफारसपत्रांसाठी एक खिडकी उघडली, तर निदान नांदेडला मारलेल्या दोन चकरा वाचतील.

ज्यांचं मूल आज अकरावी-बारावीत आहे, त्यांनी यंदाच्या दिवाळीत दोन कागद तपासावेत. गावातल्या घराचा उतारा अजून आजोबांच्या नावावर आहे का, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी छापलेलं नाव, जन्मदाखल्यावरचं नाव व आधारवरचं नाव अक्षरनअक्षर जुळतं का. न जुळल्यास दुरुस्ती, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली प्रसिद्धी, मग पासपोर्ट, असा क्रम लागतो आणि त्याला महिने जातात.