रेघ ओढायच्या आधी मोजणीला उभे राहा

शेजाऱ्याने वखराच्या दोन फेऱ्या अलीकडे घेतल्या तर आपल्याला दुसऱ्या दिवशी कळते. डोळ्यांना नीट न दिसणारा म्हातारासुद्धा काठी टेकत धुऱ्यावर जाऊन उभा राहतो. हातभर बांधासाठी सख्ख्या भावांनी वीस-वीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, अशी उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. मतदारसंघाचा बांध मात्र सरकला तरी आपल्याला पत्ता लागत नाही. मतदानाच्या दिवशी यंत्रावर अनोळखी नावे दिसली की एखादा विचारतो, "आपण इकडं कधी आलो रे?" तोवर नकाशा राजपत्रात छापून वर्ष उलटलेले असते.

जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेत कापसाच्या भावाखाली 'मतदारसंघांची फेररचना' हा विषय टाकला, तेव्हा काही कार्यकर्त्यांनी नाक मुरडले. भाव सोडून हे कुठले राजकारण, असे त्यांचे म्हणणे. शंका प्रामाणिक आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

विधानसभेच्या जागा लोकसंख्येवर वाटल्या जातात. १९७१ च्या जनगणनेवर बेतलेली रचना झाली आणि १९७८ पासून महाराष्ट्रात २८८ जागा आल्या. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हे वाटप गोठवले. त्यामुळे २००४ पर्यंत आपण १९७१ च्या शिरगणतीवर आमदार निवडत होतो. पुढे ८४ व्या दुरुस्तीने एकूण जागांचा आकडा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तसाच ठेवला, पण आतल्या रेघा बदलायला मोकळीक दिली. न्या. कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेवर नव्या रेघा ओढल्या. २००८ मध्ये त्या लागू झाल्या आणि २००९ च्या निवडणुका त्यावर झाल्या.

त्या खेपेला काय झाले ते पाहा. ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या. मुंबईच्या ३४ होत्या, त्या ३६ झाल्या. त्यातही जुन्या शहराच्या १७ वरून १० वर आल्या आणि उपनगराच्या १७ वरून २६ वर गेल्या. एकूण आकडा २८८ च होता, म्हणजे कुणाच्या तरी ताटातून उचलल्याशिवाय कुणाच्या ताटात वाढता येत नव्हते. विदर्भ ६६ वरून ६२ वर आला. रत्नागिरी ७ वरून ५ वर आली. आपला मराठवाडा ४६ वर टिकला, म्हणून आपल्याकडे कुणी ओरडले नाही. पण त्या ४६ च्या आत काय झाले ते आपण पाहिलेच नाही.

आपल्या जिल्ह्यात नऊ मतदारसंघ आहेत. मध्य, पश्चिम आणि पूर्व असे तीन शहराच्या नावाचे. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री, पैठण, गंगापूर, वैजापूर असे सहा तालुक्यांच्या नावाचे. (जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले. त्यावरून जेवढी भाषणे झाली त्याच्या शंभराव्या हिश्शानेही या रेघांवर झाली नाहीत.) सोयगाव सिल्लोडला जोडला, खुलताबाद गंगापूरला. लोकसभेला तर जिल्हा मधून चिरला आहे: सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण जालन्यात, बाकीचे सहा इथे. जायकवाडीचे धरण पैठणला, कलेक्टर संभाजीनगरला, खासदार जालन्याचा. जालन्याचा खासदार काही आपला वैरी नव्हे. पण पीकविम्याचा प्रश्न घेऊन जिल्ह्याचे शेतकरी एकत्र जायला निघाले की निम्मे एका दाराला जातात आणि निम्मे दुसऱ्या.

आता पुढचे. राज्यात शहरी लोकसंख्या १९७१ ला शेकडा ३१ होती, २०११ ला ४५ झाली. पुढच्या मोजणीत ती निम्म्याला टेकली तर नवल नाही. २००१ च्या ९ कोटी ६९ लाखांवर एका आमदाराच्या वाट्याला सरासरी ३ लाख ३६ हजार माणसे येत होती, २०११ च्या ११ कोटी २४ लाखांवर ३ लाख ९० हजार. आपला जिल्हा त्या दहा वर्षांत शेकडा २७ ने वाढला, राज्य १६ ने. म्हणजे जिल्ह्याला जागांची भीती नाही. पण वाढ कुठे झाली? महापालिकेच्या हद्दीत पावणेनऊ लाखांची पावणेबारा लाख माणसे झाली. नंतर शेंद्रा-बिडकीनला जमिनी गेल्या, रस्त्याकडेच्या शेतांचे प्लॉट पडले. उद्याची वाढीव जागा शहराची असेल आणि त्यासाठी तालुक्यांच्या रेघा आत दाबल्या जातील.

मग आपण काय मागायचे? गावाच्या मताला जास्त वजन द्या, असे? ते आम्ही मागणार नाही. ठाण्याच्या चाळीत राहणारा माणूस बहुधा आपल्याच गावचा. दुष्काळाने किंवा कर्जाने तिकडे गेलेला. त्याचे मत अर्धे आणि आपले पूर्ण, हे कोणत्या तोंडाने म्हणायचे? अमेरिकेत टेनेसी राज्याने १९०१ नंतर साठ वर्षे रेघा हलवल्याच नाहीत. खेड्यांचे आमदार जास्त आणि शहरांचे कमी, असा कारभार चालला. १९६२ च्या बेकर विरुद्ध कार या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा वाटपाची तपासणी न्यायालय करू शकते असे ठरवले, आणि मग सगळ्या राज्यांना रेघा बदलाव्या लागल्या. आज तिथे शेतीवर जगणारे शेकडा दोनही नाहीत, तरी त्यांच्या मदतीच्या कायद्याला हात लावताना वॉशिंग्टनचे हात थरथरतात.

उलट आपल्याकडे बघा. शेतकऱ्याच्या पोरांची महाराष्ट्राच्या विधानसभेत कधी कमतरता नव्हती. १९७२ ला एकाधिकार खरेदी आली तेव्हाही सभागृह धोतर-टोपीने भरलेले होते, आणि चुकाऱ्यासाठी आपण महिनोन् महिने थांबलो तेव्हाही. नुसत्या जागा मोजून कापसाला भाव मिळत नाही, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे.

तरीही रेघेला महत्त्व आहे, कारण आमदाराने कुणाला भ्यायचे ते रेघ ठरवते. समजा, मतदारसंघात साडेतीन लाख माणसे आहेत आणि त्यातली दोन लाख शहराच्या कडेच्या वसाहतीत राहतात. आमदार कितीही सज्जन असू द्या, त्याची सकाळ गुंठेवारी, नळजोडणी आणि ड्रेनेजमध्ये जाणार. वसाहतवाल्यांचीही ती गरज खरीच आहे, त्यांचा राग नाही. पण ज्वारी हुरड्यात असताना डीपी जळाली आणि वीस गावे महिनाभर अंधारात राहिली, तर ती वीस गावे त्याच्या हिशेबात बसत नाहीत. तीच वीस गावे शेजारच्या कोरडवाहू गावांबरोबर एका मतदारसंघात असती, तर तोच आमदार महावितरणच्या दारात बसला असता.

कायदा याबाबतीत आंधळा नाही. २००२ च्या परिसीमन कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे मतदारसंघ शक्यतो सलग आणि आटोपशीर असावा. नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय यांचा विचार करावा. डोंगर, नदी, पूल, आठवडी बाजार, एसटीचा मार्ग ही आपली भाषा आहे. आयोग आधी मसुदा छापतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. आयोगाबरोबर राज्याचे पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, त्यांना मत नसते. अंतिम आदेश निघाला की संपले. १९६६ च्या मेघराज कोठारी खटल्यापासून हा आदेश कायद्यासारखाच मानला जातो. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उघड मनमानीपुरती एक खिडकी किलकिली केली, पण तिच्या भरवशावर कुणी राहू नये. बोलायचे ते मसुद्याच्या वेळी.

आणि त्याच्याही आधी, मोजणीच्या वेळी. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे.

मातीचा नमुना कसा घ्यायचा, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो: बांधालगत घेऊ नका, झाडाखाली घेऊ नका, उकिरड्याच्या जागी घेऊ नका. नमुना चुकला की प्रयोगशाळा कितीही चांगली असो, अहवाल चुकतोच. जनगणनेचा नमुना फेब्रुवारीत घेतला जातो. २०२७ ची मोजणीही फेब्रुवारीतच आणि संदर्भाची तारीख १ मार्च. फेब्रुवारीत आपली माणसे कुठे असतात? कन्नडचे तांडे, पैठणकडची गावे, जालन्याचे मंठा-परतूर, बीडचे आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर यांतली कितीतरी घरे दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, बरोबर लहान पोरे. ती परततात मार्च-एप्रिलला, पट्टा पडल्यावर. घराला कुलूप, नाहीतर दारात एकटी म्हातारी.

२०११ ला प्रगणक ९ ते २८ फेब्रुवारी फिरले. त्या सबंध काळात जो घरी नाही त्याला घरच्या यादीत धरायचे नाही, जिथे सापडेल तिथे धरायचे, असा नियम होता. म्हणजे आपला ऊसतोड्या सांगली, कोल्हापूर किंवा बेळगावच्या खात्यात जमा. फडातल्या कोपीपर्यंत प्रगणक पोचलाच नाही, तर तो कुणाच्याच खात्यात नाही. त्याचे मत गावात, रेशन गावात, कर्ज गावात. मोजणी मात्र तिकडे, जिथे त्याला बूथही नाही. २००२ च्या आयोगाने आधी जिल्ह्याची लोकसंख्या धरून जिल्ह्याला जागा दिल्या आणि मग जिल्ह्यात रेघा ओढल्या. म्हणजे आपल्या कोयत्याने उसाच्या जिल्ह्याचा कारखानाही चालतो आणि तिथल्या आमदारांचा आकडाही भरतो.

यावर उपाय नाही असे कुणी सांगू नये. लडाख आणि हिमाचल, उत्तराखंड, जम्मू-काश्मीरचे बर्फाचे भाग यांच्यासाठी २०२७ च्या जनगणनेची संदर्भ तारीख वेगळी ठेवली, १ ऑक्टोबर २०२६. कारण फेब्रुवारीत तिथे जाता येत नाही. बर्फाला वेगळी तारीख चालते, तर उसाला का नाही? ऑक्टोबरमध्ये आपले बहुतेक कोयते घरीच असतात. तारीख बदलायची नसेल, तर निदान हंगामी स्थलांतरितांची नोंद मूळ गावात धरा आणि फेररचनेसाठी तोच आकडा वापरा. जिल्हा बैठकीत हा ठराव मांडायचा आहे.

जिल्हा परिषदेच्या गटांचा अनुभव ताजा आहे, तोही सांगतो. २०२२ मध्ये आधीच्या सरकारने सदस्यसंख्या वाढवली, किमान ५५ आणि कमाल ८५. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने ती परत ५० ते ७५ केली. रेघा ओढल्या, पुसल्या. मार्च २०२२ ला मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षे प्रशासकाने कारभार हाकला. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने कान धरला तेव्हा पुन्हा गट-गण रचना निघाली, तीही २०११ च्या लोकसंख्येवर. प्रारूप १४ जुलैला, हरकती २१ जुलैपर्यंत. सात दिवस, आणि तेही ऐन कोळपणी-खुरपणीचे! एका तालुक्यात आमच्या कार्यकर्त्यांनी हरकत नोंदवली: गाव नदीच्या अलीकडे, गणाचे मोठे गाव पलीकडे, मध्ये पूल नाही, पावसाळ्यात वीस किलोमीटरचा वळसा. अर्ज खरा होता, पण सोबत नकाशा नव्हता, अंतराचा दाखला नव्हता, ग्रामसभेचा ठराव नव्हता. उत्तर एका ओळीचे आले. अधिकाऱ्यावर राग काढून झाला, पण चूक आमचीही होती. सातबारा न जोडता आपण कधी मोजणीचा अर्ज करतो का?

मायबहिणींसाठी एक वेगळी गोष्ट. विधानसभा-लोकसभेत महिलांना एकतृतीयांश जागा देणारी १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण अंमल जनगणना आणि त्यानंतरच्या फेररचनेला बांधून ठेवला. १९८६ च्या चांदवड अधिवेशनाला ज्या मायबहिणी भाकरी बांधून गेल्या होत्या, त्यांच्या नाती आता वेचणीला जातात. फेररचनेच्या सुनावणीला फक्त पुरुष जाऊन बसले, तर कुठल्या जागा बायकांच्या, हे पुन्हा त्यांना विचारल्याशिवाय ठरेल.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी. गावातून किती कोयते गेले, किती माणसे, कुठल्या कारखान्याला, कधी निघाली आणि कधी परतणार, हे मुकादमाला नव्हे तर घरच्यांना विचारून लिहावे. सुरतेला, पुण्याला, वाळूजला तात्पुरती गेलेली वेगळी लिहावीत. दुसऱ्या पानावर गावाचा साधा नकाशा: नदी, पूल, बाजाराचे गाव, एसटी, तालुक्याचे अंतर, आणि सध्याच्या मतदारसंघात व गटात आपले गाव कुणाबरोबर आहे. ही वही २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून ठराव करून घ्यावा, ग्रामसेवकाच्या सही-शिक्क्यासह. दोन प्रती काढाव्यात. एक जिल्हा कार्यालयात द्यावी, एक गावात ठेवावी, आणि कुणाच्या घरी ठेवली तेही ठरावात लिहावे. मागच्या खेपेला तीन गावांच्या वह्या ऐन वेळी सापडल्या नव्हत्या.