दोनच आसनांची गाडी

गोव्यात एकेकाळी तयार होत असलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही फायबरग्लासची, कापडी छपराची, दोनच आसनांची गाडी मी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मडगावहून जुनी विकत घेतली आणि स्वतः चालवीत इंदूरला आणली. ट्रकवर चढवून मागवावी, असा आपल्या मंडळातील स्नेह्यांचा सल्ला होता. मला तो पटला नाही. केवळ फाइल वाचून रुग्णाचे निदान होत नाही. जुन्या गाडीचेही तसेच. चोर्ला घाट, कोल्हापूर, पुणे, धुळे असा प्रवास तीन दिवसांत, दिवसाउजेडीच केला. बिजासन घाटात तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला, तेव्हा रेडिएटरची रबरी नळी वयोमानाने चिरल्याचे आढळले. ते कागदपत्रांत कुठून दिसणार? (परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र मात्र हाती पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.)

एका बाबतीत मी कठोर आहे. मागचे आसनच नसलेल्या गाडीत लहान मूल नेऊ नये. धडकेच्या क्षणी मांडीवरचे मूल कोणत्याही आईच्या हातांत राहत नाही. अशी मुले मी तपासली आहेत. पाच वर्षांचा नातू फाटकाशी वाट पाहत होता. त्याला उभ्या गाडीत तेवढे बसू दिले. तो अद्याप माझ्याशी बोलत नाही.