अर्ध्या शक्तीची सायकल

फाल्गुनात पळस फुलला की अमरावतीस छत्री तलावाच्या वाटेवर आणि अकोल्यास मोर्णेकाठच्या रस्त्यांनी सायकलस्वार दिसू लागतात. नवे हेल्मेट, गिअरची सायकल, गादी शिवलेली विजार असा सरंजाम पाहून आम्हांस संतोषच होतो. शिशिरात साचलेला कफ वसंताच्या उन्हाने पातळ होऊन अग्नी मंदावतो. अशा काळी व्यायाम हा उपचारच होय.

तथापि अष्टांगहृदयात वसंतातील व्यायाम अर्ध्या शक्तीनेच सांगितला आहे, याचे विस्मरण होते. नवे साधन हाती येताच अंतर व वेग यांची चढाओढ लागते. मग थकलेला गृहस्थ दुकानात येऊन शक्तिवर्धक अवलेह मागतो. बरणी देण्यापूर्वी त्यास ‘रोज किती चालविता?’ असे विचारावे, असे आमचे मत आहे. कपाळी घाम व तोंडाला कोरड आली की थांबावे, ही खूण सांगण्यास मोल पडत नाही. वऱ्हाडात चैत्रातच पारा चाळिशीकडे झेपावतो. म्हणून ऊन चढण्यापूर्वी परतणे इष्ट.

उरला प्रश्न वाटेचा. १३ जानेवारी २०१८ रोजी हजारो अकोलेकर मोर्णा स्वच्छ करण्यास उतरले होते. परंतु एकदाच्या शोधनाने व्याधी जात नाही, पुढे पथ्यही राखावे लागते, हे आपणांहून अधिक कोण जाणतो? ‘नदीकाठी जा’ असे सांगणाऱ्या वैद्याने त्या काठाचीही चिंता वाहिली पाहिजे.