कारखान्यातला कोणता कचरा ‘घातक’, हे ठरवतो कोण?

एमआयडीसीला लागून असलेल्या आपल्या वस्त्यांमध्ये घरोघरी निळे प्लास्टिकचे ड्रम दिसतात. नळाला पाणी दिवसाआड, मग साठवायचे कशात? भंगारवाल्याकडे ड्रम स्वस्तात मिळतो. मागच्या उन्हाळ्यात सर्वेक्षण करताना एका ताईंनी आम्हाला आपला ड्रम दाखवला. लेबल खरवडलेले होते, पण कवटीचे चिन्ह शिल्लक होते. “दोनदा सर्फने धुतलाय,” ताई म्हणाल्या.

घातक रसायन भरलेला असा ड्रम रिकामा झाला की कायद्याने तो घातक कचरा ठरतो. केंद्राच्या 2016 च्या घातक व इतर कचरा नियमांत, अनुसूची 1 मध्ये, 33.1 या क्रमांकावर घातक रसायनांनी दूषित झालेल्या रिकाम्या पिंपांचा व डब्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे कारखान्याने त्याची नोंद ठेवायला हवी आणि तो अधिकृत केंद्राकडेच पाठवायला हवा. असा ड्रम थेट भंगारात जातो, तेव्हा हिशेबातून तो आधीच गळालेला असतो.

यादी ठरते ती अशी. अनुसूची 1 मध्ये उद्योगांच्या 38 प्रक्रिया आणि त्यांतून निघणारा कचरा दिला आहे. यंत्रांचे वापरलेले तेल 5.1, तेला-रसायनाने माखलेल्या चिंध्या 33.2, सांडपाणी शुद्धीकरणातला रासायनिक गाळ 35.3. कचरा तिथे सापडला नाही तर अनुसूची 2 लागते. त्यात प्रयोगशाळेत कचऱ्यातून पाण्यात किती विष उतरते ते तपासतात. शिसे लिटरला 5 मिलिग्रॅम किंवा पारा 0.2 मिलिग्रॅम गाठला की तो कचरा घातक. शिवाय पेट घेणारा, गंजवणारा, स्फोटक प्रतिक्रिया देणारा कचराही यात येतो.

पण यात कोणते क्रमांक आपल्याला लागू होतात, हे पहिल्यांदा लिहितो कारखानदारच. परवानगीच्या अर्जात तो जे भरतो, त्यावरच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र बऱ्याच अंशी उभे राहते. मंडळाने तपासायचे असते, हे खरे. तरीही अर्जात नसलेला कचरा पुढे कोणत्याच कागदावर उगवत नाही.

आणि काही कचरा तर नियमानेच यादीबाहेर आहे. औष्णिक केंद्रांची राख, फॉस्फोजिप्सम, लाल चिखल यांना ‘प्रमाण जास्त, परिणाम कमी’ म्हणून घातक कचऱ्यातून वगळले आहे. जुलै 2022 मध्ये कोराडीच्या राखेचा खसाळा येथील बंधारा फुटून राख शेतांत शिरली. परिणाम कमी हे त्या शेतकऱ्यांना कोण सांगणार?

यादीत आलेल्या कचऱ्याची वाट मात्र कागदावर पक्की आहे. रोजची नोंद नमुना 3 मध्ये. साठवण साधारणपणे 90 दिवसांपर्यंतच. गाडी निघाली की नमुना 10, त्याच्या सात रंगांच्या सात प्रती. वर्षाचे विवरण नमुना 4 मध्ये, 30 जूनपर्यंत मंडळाकडे. त्यावरून राज्याचा अहवाल 30 सप्टेंबरपर्यंत केंद्रीय मंडळाकडे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या 2003 च्या आदेशानुसार गेटबाहेर फलक लावून घातक कचऱ्याची माहिती द्यायची आहे. आमच्या भागात काही फलकांवरचे रकाने कोरेच आहेत.

ड्रम उचलणारे, टाक्यांतला गाळ उपसणारे कंत्राटी कामगार बहुतेक आपल्याच वस्त्यांतले. त्यांना 35.3 म्हणजे काय हे कुणी सांगत नाही. जातीने ठरवलेले काम ठेकेदाराच्या हजेरीपटावर आले, इतकाच बदल. आपल्या चळवळीचीही चूक आहे. वास आला की आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, फोटो काढून घरी येतो. नमुना 4 मागितल्याचे आम्हाला तरी आठवत नाही. खरे तर तो वाचायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. सांडपाणी प्रकल्प चालू आहे आणि गाळ शून्य दाखवला आहे, रसायन पिंपांतून येते आणि 33.1 समोर काहीच नाही, एवढे दिसले तरी पुरे.

आम्ही त्या वसाहतीतल्या कारखान्यांची गेल्या तीन वर्षांची विवरणे माहिती अधिकारात मागितली आहेत. ताईंचा ड्रम अजून त्यांच्या दारातच आहे, कारण बदली दुसरा ड्रम आम्ही अजून देऊ शकलेलो नाही.