मोटारीचा गारवा आणि आमचा हिशेबीपणा

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरांत मोटार कोणा एकाची नसते. सकाळीं ती मुलांची, दुपारीं वहिनींची, आणि महिन्यांतून एकदां आमचे वडील चुलते आप्पाकाका यांची. कारण त्यांस हृदयविकाराच्या तपासणीसाठीं सोलापुराहून पुण्यास न्यावें लागतें. अशा मोटारींतील थंड हवा बंद पडली, तर चैन बंद पडली असें म्हणून भागत नाहीं. गेल्या फाल्गुनांत ती बंद पडली. पुढें जें घडलें त्यांत यंत्राचा दोष थोडा व आमचा अधिक होता, म्हणून तें येथें सांगतों.

मेस्त्रींनीं बॉनेट उघडून कॉम्प्रेसर दाखविला. नुसती कप्पी फिरत होती. पण क्लच लागतांच पट्टा किंचाळूं लागे. "कॉम्प्रेसर जाम झालाय," ते म्हणाले, "पण साहेब, नुसता कॉम्प्रेसर बदलून भागणार नाही. ड्रायर, व्हॉल्व्ह, पुढचा कंडेन्सर, सगळंच बदलावं लागेल." आकडा ऐकतांच आमच्या मनांत तोच विचार आला, जो शिकलेल्या माणसाच्या मनांत कारागिराविषयीं नेहमीं येतो: हा आपणांस अडाणी समजून लुबाडीत आहे. एक भाग बिघडला असतां चार कां बदलावयाचे? आम्हीं मोठ्या ऐटीनें सांगितलें कीं, फक्त कॉम्प्रेसर बदला. त्यांनीं मान हलविली आणि सांगितलें तेवढेंच केलें.

वैशाखांत इंदापूर ओलांडून भिगवणकडे जात असतां झरोक्यांतून येणारी हवा एकाएकीं ऊन झाली. कांचा खालीं केल्या, तों भट्टीचें दार उघडावें तशी झळ आंत आली. आप्पाकाकांचा चेहरा उतरला, बोलणें थांबलें. एका कडुलिंबाखालीं त्यांस टेकवून, डोक्यावर ओला पंचा ठेवून, घोट घोट पाणी पाजीत आम्ही तासभर बसलों. पुढें कांहीं विपरीत झालें नाहीं. परंतु त्या तासाभरांत काकू आमच्याशीं एक अक्षरहि बोलल्या नाहींत. वाचविलेल्या पैशांचा हिशेब त्यांस ठाऊक होता.

हें यंत्र समजून घेण्याची बुद्धि आम्हांस त्यानंतर झाली. मोटारींतील गारवा मुळीं उत्पन्न केला जात नाहीं. आंतली उष्णता उचलून बाहेर टाकली जाते, इतकेंच. कॉम्प्रेसर वायूस दाबून तापवितो. तो तप्त वायु रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्यें वाऱ्यानें निवून द्रवरूप होतो, ड्रायरमधून गाळला जातो, आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रांतून सुटतांच त्याचा दाब उतरतो. मग डॅशबोर्डामागील कूलिंग कॉइलमध्यें पुन्हां वायुरूप होतांना तो गाडींतील उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसरला वंगण देणारें तेलहि याच फेरींत वायूबरोबर फिरत असतें. सारें मर्म येथेंच आहे. वायु गळून कमी झाला, कीं तेलहि पुरेसें परतत नाहीं व कॉम्प्रेसर कोरडा घांसूं लागतो. आम्ही तर तीन उन्हाळे गळतीचा शोध न घेतां केवळ गॅस भरून घेत आलों होतों! असा कॉम्प्रेसर मरतांना आपल्याच अंगाची लोखंड-ॲल्युमिनियमची चूर सर्व नळ्यांत पसरून जातो. तिथें नवा बसविणें म्हणजे त्याच्या पोटांत वाळू घालणें होय.

दुसऱ्या खेपेस मेस्त्रींनीं जुन्या नळीवरून पांढरें फडकें फिरवून आमच्यापुढें धरलें. तें काळें झालें होतें आणि उन्हांत चमकत होतें. ते कांहीं बोलले नाहींत. कॉम्प्रेसर विकणारांनीं हमी नाकारली. पावतीवर ड्रायर बदलल्याची नोंद नव्हती, आणि ती कां नव्हती हें आम्हांस विचारण्याची सोय नव्हती.

या वेळीं सारें रीतसर झालें. कंडेन्सरच्या केसासारख्या वाटा धुवून निघत नाहींत, म्हणून तो बदलला. गळतीहि त्याच्याच सांध्यांत सांपडली. नळ्या व कॉइल धुवून कोरड्या केल्या. सांध्यांतील रबरी कडीं, व्हॉल्व्ह व ड्रायर नवे घातले. ड्रायरचें काम ओलावा शोषण्याचें. तो राहिला तर तेलाशीं मिळून आम्ल होतें किंवा व्हॉल्व्हच्या छिद्रांत बर्फ धरतो. तेल मापून घातलें. नंतर पंपानें पाऊण तास हवा उपसली, कारण निर्वातांत पाणी साध्या उष्णतेवरहि उकळून निघून जातें. पंप बंद केल्यावर कांटा जागचा हलत नाहीं, हें पाहिल्यावरच गॅस भरला, आणि तोहि अंदाजानें नव्हे, तर कांट्यावर तोलून. बॉनेटखालील चिठ्ठीवर ४५० ग्रॅम छापले होते. शेवटीं कॉम्प्रेसरचा दांडा हातानें दहा वेळां फिरवून मग एंजिन सुरू केलें.

उरलेला जुना गॅस त्यांनीं टाकींत खेंचून घेतला. पूर्वींचा आर-१२ हा वायु ओझोनच्या थरास घातक ठरल्यामुळें १९८७ च्या माँट्रिअल करारानें हद्दपार झाला. त्याच्या जागीं आलेला आर-१३४ए ओझोनास उपद्रव देत नाहीं, पण हवा तापविण्यांत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें १,४०० पट समर्थ आहे. आमच्या तीन उन्हाळ्यांचा गॅस कोठें गेला, हें वेगळें सांगावयास नको.

१९४० सालच्या अमेरिकन पॅकार्ड मोटारींत ही सोय कारखान्यांतूनच मिळूं लागली, तेव्हां कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता; गारवा नको असल्यास एंजिन थांबवून पट्टा उतरवून ठेवावा लागे. आज एका बटणानें तो थांबतो, आणि थंडीच्या दिवसांत महिनोन् महिने थांबूनच राहतो. मग तेल न लागल्यानें दांड्याचें सील वाळून गळूं लागतें. म्हणून हिवाळ्यांतहि आठवड्यांतून दहा मिनिटें तो चालवावा, असें मेस्त्रींनीं जातां जातां सांगितलें. मार्गशीर्षांतल्या गार सकाळीं आप्पाकाका शाल पांघरून मागें बसतात आणि स्वतःच आठवण करतात, "अरे, दहा मिनिटं लाव तें तुझें यंत्र."