किंमत अडवायची कुठे?

डॅराप्रिम ही टॉक्सोप्लाज्मोसिसवरची जुनी गोळी, पेटंट केव्हाच संपलेली. 2015 मध्ये ट्युरिंग कंपनीने तिचे हक्क घेतले आणि साडेतेरा डॉलरची गोळी 750 डॉलरला विकायला काढली. कंपनीचा प्रमुख मार्टिन श्क्रेली पुढे तुरुंगात गेला खरा, पण गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल. भाव चढवणं हा अमेरिकेत गुन्हा नव्हताच. ही उणीव भरून काढायला मेरीलँड राज्याने 2017 मध्ये कायदा केला. पेटंट संपलेल्या अत्यावश्यक औषधाचा भाव अवाच्या सवा वाढवला, तर अ‍ॅटर्नी जनरलनी कंपनीला कोर्टात खेचायचं. वर्षभरात 50 टक्के वाढ झाली की चौकशीचं दार उघडणार होतं. जेनेरिक उत्पादकांची संघटना कोर्टात गेली आणि एप्रिल 2018 मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी कायदा रद्द केला. कारण मासलेवाईक होतं. उत्पादक घाऊक व्यापाऱ्याला माल विकतो तो बहुतेक वेळा मेरीलँडबाहेर, आणि परराज्यातल्या सौद्याला मेरीलँडने नियम लावायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी या प्रकरणात हात घालायला नकार दिला. त्याआधी 2007 मध्ये राजधानी वॉशिंग्टनचा पेटंटधारी औषधांबाबतचा कायदाही पडला होता. पेटंट हा संघराज्याचा विषय, तुमचा नव्हे, असं त्याला सांगण्यात आलं. म्हणजे पेटंट असो वा नसो, राज्याचे हात बांधलेलेच.

यातून राज्यांनी घ्यायचा धडा माझ्या मते एकच आहे. कंपनीने किती मागावं यावर भांडण्यापेक्षा आपल्या हद्दीतल्या खरेदीदाराने किती द्यावं, हे ठरवावं. मेरीलँडनेच 2019 मध्ये ही वाट धरली. औषधांच्या परवडण्याजोगेपणाचा विचार करणारं अमेरिकेतलं पहिलं मंडळ तिथे स्थापन झालं. आधी फक्त राज्य आणि स्थानिक सरकारांच्या खरेदीपुरता कमाल दर लावायचा, असं ठरलं आणि 2025 मध्ये कायद्याने ती कक्षा वाढवली. हा क्रम शहाणपणाचा होता. स्वतःच्या तिजोरीतून किती पैसे द्यायचे हे ठरवणाऱ्या सरकारला परराज्यातल्या सौद्यात ढवळाढवळ केल्याचा दोष देणं अवघड जातं.

बाकीचे उपाय सोपे आहेत, म्हणून लोकप्रियही आहेत. व्हरमाँटने 2016 मध्ये आणि कॅलिफोर्नियाने पाठोपाठ किंमतवाढीची माहिती देण्याची सक्ती केली. कारणं कागदावर येतात, पण ती न पटल्यास भाव उतरवण्याचा अधिकार या कायद्यांनी कुणालाच दिला नाही. कोलोरॅडोने 2019 मध्ये इन्सुलिनसाठी विमाधारकाच्या खिशातून महिन्याला 100 डॉलरपेक्षा जास्त जाऊ नयेत, अशी तरतूद केली आणि अनेक राज्यांनी तिचं अनुकरण केलं. रुग्णाला दिलासा मिळाला, यात शंका नाही. पण कंपनीची किंमत जागच्या जागी राहिली. फरक विमा कंपनीने भरला आणि तो हप्त्यातून पुन्हा सगळ्यांच्या माथी येतो.

आता कमाल दराच्या वाटेचं उदाहरण म्हणून एन्ब्रेल पाहा. संधिवातावरचं हे इंजेक्शन 1998 पासून बाजारात आहे. त्याच्या स्वस्त पर्यायांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 आणि 2019 मध्ये मंजुरी दिली, तरी पेटंटांच्या तटबंदीमुळे 2029 पर्यंत ते तिथे विकता येत नाहीत. मुंबईच्या ल्युपिनने विकसित केलेल्या पर्यायाला जपान आणि युरोपने केव्हाच परवानगी दिली आहे! मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या संघराज्याच्या आरोग्य विम्याने, वाटाघाटी करून एन्ब्रेलचा महिन्याचा दर 7,106 डॉलरवरून 2,355 वर आणला आणि तो 2026 पासून लागू झाला. कोलोरॅडोतल्या अशाच मंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये याच पातळीच्या आसपास, 50 मिलिग्रॅमच्या एका मात्रेला सुमारे 600 डॉलर असा कमाल दर ठरवला. तो 2027 पासून लागू होणार आहे.

कंपन्यांचा पहिला आक्षेप असा, की कमाल दरामुळे संशोधन आटेल. पंचवीस वर्षांहून अधिक काळ विकल्या गेलेल्या औषधाबाबत हा युक्तिवाद पोकळ वाटतो. दुसरा आक्षेप जड आहे: कंपनीने त्या राज्यात औषध देणंच बंद केलं तर? ही भीती खोटी नाही. सिस्टिक फायब्रोसिसवरच्या ट्रायकाफ्टाबाबत रुग्णांनीच ती बोलून दाखवली आणि 2023 मध्ये कोलोरॅडोच्या मंडळाने ते औषध न परवडणारं ठरवण्याचं टाळलं. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता; ज्या औषधाला पर्याय नाही तिथे राज्याने जुगार खेळू नये. पण एन्ब्रेलसारख्या औषधाला, तेही मेडिकेअरला मान्य केलेल्या दराच्या आसपास, साठ लाख वस्तीच्या राज्यातून काढून घेणं कंपनीला जड जाईल. दहा राज्यांनी मिळून तोच दर लावला तर आणखी जड. तिसरा अडथळा पेटंट कायद्याचा. एन्ब्रेलची उत्पादक अ‍ॅमजेनने तोच मुद्दा घेऊन खटला भरला होता. 2025 मध्ये तो फेटाळला गेला, पण मूळ प्रश्नावर निकाल झालेला नाही. म्हणून इतर राज्यांनी मेरीलँडच्या मूळ क्रमाने जावं: आधी सरकारी कर्मचाऱ्यांचा विमा, तुरुंग, विद्यापीठं यांच्या खरेदीला मेडिकेअरचा दर लावावा आणि खाजगी विम्याकडे कोर्टाचा कौल आल्यावर वळावं.