ऑइलचा लाल दिवा विझत नाही तेव्हा

वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी असलेली पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर पुन्हा रस्त्यावर आणायच्या बेतात असाल, तर एक कळकळीची विनंती. ऑइलचा लाल दिवा विझत नाही म्हणून लगेच इंजिन खोलायला देऊ नका. आणि तो पेटलेला असताना ‘चालवून बघू, विझेल आपोआप’ असंही करू नका. प्रेशर खरोखर कमी आहे का, हे आधी मापून घ्या.

चावीला हात लावण्याआधी डिपस्टिक काढा. ऑइल खुणेच्या वर चढलेलं असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर संशय एसी पंपावर घ्या. एसी पंप म्हणजे या गाड्यांचा पेट्रोल पंप; तो इंजिनच्या अंगालाच असतो. त्याचा कडक झालेला पडदा चालू करायच्या खटपटीत फाटला, की पेट्रोल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. असं पातळ झालेलं ऑइल प्रेशर धरत नाही. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, म्हणजे काम वेगळं.

जुनं ऑइल काढून टाकायचंच आहे, पण इथे एक सल्ला हमखास मिळतो: ‘थोडं रॉकेल किंवा डिझेल टाकून फिरवा, आतून स्वच्छ होईल.’ ऐकू नका. तळाशी बसलेला काळा गाळ त्यामुळे सुटतो आणि नेमका पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. म्हणजे नसलेला रोग आपणच लावून घ्यायचा. त्यापेक्षा चेंबर उतरवा, गाळ हाताने पुसा, जाळी धुवा. खर्च नवीन गॅस्केटचा आणि मिस्त्रीच्या अर्ध्या दिवसाचा.

नवीन फिल्टर, नवीन ऑइल घातलं की सगळे प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा आणि इंजिन आधी हाताने फिरवा. मोकळं फिरलं तरच सेल्फ मारा, एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मध्ये विश्रांती देत. पंप कोरडा पडलेला असतो. त्याला ऑइल ओढायला वेळ लागतो. दिवा तरीही विझेना, तर इंजिनवरचा ऑइल स्विच काढून पुन्हा सेल्फ मारा. त्या भोकातून ऑइल आलं तर पंप जिवंत आहे आणि स्विच बिघडला असण्याची शक्यता बरीच. शंभर-दोनशेच्या स्विचपायी लोकांनी इंजिनं बांधून घेतली आहेत.

आता त्याच भोकात मिस्त्रीकडचा मेकॅनिकल मीटर लावा. डॅशबोर्डच्या मीटरवर विसंबू नका. गरम इंजिनला हजार फेऱ्यांमागे साधारण १० पाउंड, हा जुना अंदाज आजही उपयोगी पडतो. थंड असताना चांगलं आणि गरम झाल्यावर कोसळतं, तर ऑइल पातळ आहे किंवा बेअरिंग झिजली आहेत. थंड असतानाही कमीच, रेस दिली तरी फारसं वाढत नाही, तर जाळी, पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्ह बघा. जुन्या १४८९ सीसीच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये हा व्हॉल्व्ह ब्लॉकच्या डाव्या बाजूला मागे, घुमटाच्या आकाराच्या नटाखाली असतो. त्यात कचरा अडकून तो उघडाच राहिला, तर सगळं ऑइल तिथूनच परत चेंबरमध्ये जातं. नट खोलून साफ करायला अर्धा तास पुरतो.

जाड ऑइल किंवा बाटलीतलं ‘टॉनिक’ घालून मीटरचा काटा वर आणणारेही भेटतील. काटा चढेल, पण बेअरिंग आहे तशीच राहील. २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० घाला, त्याहून जाड नको. आणि शेवटी बेअरिंगच निघाली, तर क्रँक उतरवून मायक्रोमीटरने मापल्याशिवाय नवीन बेअरिंग मागवू नका. आधी कधी शाफ्ट घासलेला असेल, तर मूळ मापाची बेअरिंग बसणारच नाही.